शेवटचा परिच्छेद

फेब्रुवारी २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात ते पत्र आलं, तेव्हा मी कणकेचे गोळे वजनकाट्यावर ठेवत होते. ४५ ग्रॅमचा गोळा, त्याची पोळी म्हणजे साधारण २ केई. एक केई म्हणजे १० ग्रॅम कर्बोदकं. जर्मनीत मधुमेही मुलांच्या आईबापांची ही रोजची भाषा आहे. वरण-भात असेल तर भात शिजल्यावर वजन करायचं, आंब्याची फोड असेल तर फोडीचं. इन्सुलिन किती द्यायचं ते त्यावर ठरतं.

हात धुऊन पाकीट फोडलं. दोन पानं होती. आमच्या क्रांकनकासेनं, म्हणजे इथल्या सार्वजनिक आरोग्यविमा निधीनं, लेकाच्या इन्सुलिन पंपाचा अर्ज नामंजूर केला होता. पहिलं पान वाचूनच मला रडू आलं. दुसरं पान मी त्या दिवशी उलटलंही नाही.

आमचा मुलगा सहा वर्षांचा असताना, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, त्याला टाईप १ मधुमेह झाला. शाळा सुरू व्हायला महिनाही उरला नव्हता. तो रात्रीत तीन-तीनदा उठून पाणी प्यायचा आणि पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला होता. आम्हाला वाटलं उन्हाळा आहे. बालरोगतज्ज्ञांनी बोटाला सुई टोचली, आकडा आला ४८२. त्या म्हणाल्या, घरी जाऊ नका, कपडे नवऱ्याला आणायला सांगा, इथून थेट हॉस्पिटल.

११ दिवस आम्ही न्यूर्नबर्गमधल्या एका मुलांच्या वॉर्डात होतो. आम्ही म्हणजे तो आणि मी, कारण एवढ्या लहान मुलासोबत आईनं किंवा वडिलांनी राहायचं हे गृहीतच असतं, आणि तो खर्चही कासेच उचलते. त्या ११ दिवसांत मला संत्र्यावर सुई टोचायला शिकवलं. साखर खाली गेली की काय करायचं, वर गेली की लघवीतले कीटोन कसे तपासायचे, सगळं शिकवलं. एक नर्स रोज एकदा मला सांगायची की तुम्ही त्याला गोड जास्त दिलंत म्हणून हे झालेलं नाही. मला ते रोज ऐकायची गरज होती.

त्या ११ दिवसांत एकाही माणसानं मला पैशाबद्दल विचारलं नाही. ही गोष्ट इथल्या लोकांना सांगून कळत नाही. माझ्या बाबांचं ऑपरेशन साताऱ्यात झालं तेव्हा काउंटरवर पहिला प्रश्न डिपॉझिटचा होता, आणि आईनं पाटल्या काढून काकाच्या हातात दिल्या होत्या. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. आईचे मोकळे मनगट मला अजून दिसतात. इथे मी प्लास्टिकचं एक कार्ड दाखवलं होतं, तेवढंच. पगाराच्या १४.६ टक्के आणि वर थोडा जास्तीचा हप्ता, त्यातला निम्मा मालकाचा. मुलांचा वेगळा हप्ता नाही. बिस्मार्कनं १८८३ मध्ये कामगारांसाठी जो कायदा केला, त्याचंच हे वाढत गेलेलं रूप. म्हणूनच पंपाला नकार आला तेव्हा मला कळेना की आता काय करायचं असतं. इतके दिवस सगळं न मागता मिळालं होतं. मागायची सवयच नव्हती.

पंप का हवा होता ते सांगते. इन्सुलिनच्या पेनमधून सगळ्यात लहान मात्रा देता येते ती अर्ध्या युनिटची. मोठ्या माणसाला अर्धं युनिट म्हणजे काहीच नाही. आमच्या २० किलोच्या लेकाची साखर तेवढ्यानं ७०-८० नी खाली यायची. रात्री २४० असली तर द्यावं की न द्यावं? दिलं तर पहाटे फार खाली जायची भीती, नाही दिलं तर सकाळपर्यंत तो तहानेनं तळमळेल. दंडावर सेन्सर होता, तो दर पाच मिनिटांनी माझ्या फोनवर आकडा पाठवायचा. हे सेन्सर २०१६ पासून कासेनं द्यायच्या गोष्टींत आले आहेत, त्यामुळे तो मिळायला अडचण आली नव्हती. पण सेन्सर फक्त सांगतो. रात्री दोन चाळीसला अलार्म वाजला, आकडा ५४, की अंधारात त्याचे दात चाचपून द्राक्षसाखरेची, म्हणजे ग्लुकोजची, गोळी गालात सरकवायची, आणि तो झोपेत चावतो आहे याचा आवाज ऐकू येईपर्यंत तिथेच बसायचं. पंप मात्र ०.०५ युनिटसुद्धा देऊ शकतो, आणि नवे पंप सेन्सरचा आकडा वाचून आपणहून इन्सुलिन कमी-जास्त करतात.

दिवसाचं वेगळंच. पहिलीतल्या मुलाला मात्रेचा हिशोब येत नाही, आणि शाळेतल्या शिक्षकांवर इंजेक्शन द्यायची सक्ती नाही. म्हणून मी रोज अकरा वीसला ऑफिसातून निघून शाळेत जायचे, दप्तरांच्या खुंट्यांखाली बाकावर बसून त्याला टोचायचे आणि परत यायचे. पाच महिने. नोकरी अर्ध्या वेळेची केली.

डॉक्टरांनी जानेवारीत अर्ज पाठवला. कायद्यानं कासेला तीन आठवड्यांत निर्णय द्यावा लागतो. वैद्यकीय अभिप्राय मागवला तर पाच. पाचव्या आठवड्यात ते पत्र आलं. मेडिकल सर्व्हिस नावाची संस्था असते, तिथल्या डॉक्टरांनी कागद पाहून मत दिलं होतं: सध्याची उपचारपद्धती पुरेशी वापरून झालेली दिसत नाही, नोंदी अपुऱ्या आहेत, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी ७.४ टक्के म्हणजे समाधानकारक आहे. वार्डातल्या इतर आयांनी सांगितलं होतं की लहान मुलांना पंप सहसा लगेच मिळतो. मग आमच्याच बाबतीत काय चुकलं? माझं जर्मन कमी पडलं का? आम्ही बाहेरचे म्हणून का? चार दिवस मी हेच डोक्यात फिरवत होते.

पाचव्या दिवशी हॉस्पिटलच्या सामाजिक विभागातल्या बाईंकडे गेले. त्यांनी पहिलं पान वाचलंच नाही. पत्र पालथं केलं आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. बारीक अक्षरात चार ओळी होत्या: या निर्णयाविरुद्ध एक महिन्याच्या आत लेखी हरकत घेता येईल, अमुक पत्त्यावर. "मी नेहमी इथून वाचायला सुरुवात करते," त्या म्हणाल्या. "वरचं त्यांचं मत आहे. हे तुमचं आहे."

या हरकतीला जर्मनमध्ये विडरश्प्रुख म्हणतात. शब्दशः अर्थ विरुद्ध बोलणं. माझ्यासारख्या मुलीला, जिला मोठ्यांना उलटून बोलू नये एवढंच शिकवलं गेलं, त्या शब्दाचीच भीती वाटली. आपण परदेशी, ऑफिसशी भांडण कशाला, व्हिसाला काही झालं तर? बाईंनी शांतपणे समजावलं की हे भांडण नाही, ही प्रक्रियेतली पुढची पायरी आहे, आणि हिचा व्हिसाशी काही संबंध नाही. हरकतीला पैसे पडत नाहीत. पुढे सामाजिक न्यायालयात जायची वेळ आली तरी विमाधारकाला कोर्ट फी नाही आणि वकील लावायची सक्ती नाही.

त्यांनी मला तीन वाक्यं लिहायला लावली. तुमच्या अमुक तारखेच्या निर्णयाविरुद्ध मी हरकत घेते. कारणं नंतर पाठवते. मेडिकल सर्व्हिसच्या अभिप्रायाची प्रत मला द्यावी. खाली सही. ईमेल चालत नाही. ५ मार्चला मी पोस्टात जाऊन ते रजिस्टर केलं आणि पावती लेकाच्या जन्मदाखल्याच्या फाईलमध्ये ठेवली.

तिसरं वाक्य सगळ्यात मोलाचं ठरलं. अभिप्रायाची प्रत आली, तेव्हा कळलं की त्या डॉक्टरांच्या समोर आमच्या लेकाच्या रात्री गेल्याच नव्हत्या. अर्जासोबत चार आठवड्यांची वही जोडलेली होती, त्यात जेवणं आणि दिवसाचे आकडे होते. रात्रीचे ५४ आणि पहाटेचे २६० मिळून सरासरी चांगलीच येते. कागदावर एक बरा मुलगा दिसत होता. मला त्या अनोळखी डॉक्टरांचा इतके दिवस राग येत होता. ती प्रत वाचल्यावर तो बराचसा गेला. जे दिसलं नाही त्यावर ते काय लिहिणार? राग आला तो याचा की एका वहीवरून ठरतं, आणि ती वही कशी लिहायची हे कुणी आधी सांगत नाही.

मग सहा आठवडे मी रात्री लिहून काढल्या. वेळ, आकडा, काय दिलं, परत कधी झोपला. सेन्सरचे आलेख छापून त्यावर अलार्मच्या वेळा लाल पेनानं गोल केल्या. वर्गशिक्षिकेनं आपणहून पत्र दिलं की गणिताच्या तासातून त्याला आठवड्यात किती वेळा बाहेर यावं लागतं. डॉक्टरांनी अर्ध्या युनिटचं कारण नव्यानं, सविस्तर लिहिलं.

मध्येच कासेकडून एक छापील कागद आला. आम्ही आपल्या हरकतीचा विचार केला, निर्णय बदलण्याजोगं काही दिसत नाही, आपण हरकत मागे घेता का? खाली चौकोन, टिचकी मारून परत पाठवायचा. नवरा म्हणाला, बहुतेक संपलं. मी पुन्हा सामाजिक विभागातल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, हा निर्णय नव्हे, हा प्रश्न आहे. उत्तर द्या: मागे घेत नाही. मी तसं लिहिलं. किती लोक त्या चौकोनात खूण करत असतील, याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

त्या जागरणांत मी खूप वाचलं. अलार्मनंतर पंधरा मिनिटं थांबून पुन्हा आकडा बघायचा असतो, तेवढ्या वेळात फोनवर. आपलं मागणं ही मेहेरबानीची याचना आहे की हक्क, हे मला स्वतःसाठी कळून घ्यायचं होतं. युरोपियन युनियनच्या मूलभूत हक्कांच्या सनदेचं ३५ वं कलम सांगतं की आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण पुढे लगेच येतं, त्या-त्या देशाच्या कायद्यांनी घातलेल्या अटींनुसार. दुसरा दस्तऐवज युरोपियन सामाजिक सनद, १९६१ साली तुरिनमध्ये सह्या झालेली, १९९६ मध्ये सुधारलेली. तिचं ११ वं कलम सरळ आरोग्य रक्षणाचा हक्क असंच आहे. सुधारलेल्या सनदेला जर्मनीनं २०२१ मध्ये मान्यता दिली. मला आनंद झाला. मग परिशिष्ट वाचलं. ही कलमं परदेशी माणसांना लागू, पण ते सनदेत सामील असलेल्या दुसऱ्या देशाचे नागरिक असतील आणि कायदेशीर राहत असतील तर. माझ्या लेकाचा पासपोर्ट भारताचा. जन्म इथला, बोलणंही इथलंच, पण कागदावर त्या कलमाच्या बाहेर.

ते वाचून मी बराच वेळ तशीच बसले. पण त्याच रात्री पुढे वाचल्यावर २००४ सालचा एक निवाडा सापडला. फ्रान्सनं कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांच्या उपचारांवर मर्यादा आणल्या होत्या. मानवी हक्क संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं त्याविरुद्ध सनदेच्या समितीकडे तक्रार केली. समितीनं म्हटलं की देशाच्या हद्दीत असलेल्या परदेशी माणसाला, तो बेकायदा राहत असला तरी, वैद्यकीय मदतीचा हक्कच नाकारणं हे सनदेच्या विरुद्ध आहे. आणि मुलांच्या बाबतीत फ्रान्सनं सनदेचा भंग केला, असा निर्णय दिला. कारण त्यांनी परिशिष्टाच्या शब्दांवर अडून न बसता माणसाच्या प्रतिष्ठेपासून सुरुवात केली. जर्मनीनं ही सामूहिक तक्रारीची वाट मान्य केलेली नाही, म्हणजे इथून तशी तक्रार करताच येत नाही. तरीही तो निवाडा वाचून मला बळ आलं.

बाईंनीही एका मुलाची गोष्ट सांगितली. १९८७ साली जन्मलेला मुलगा, स्नायू झिजवणारा ड्युशेन आजार, आणि पर्यायी उपचारांचा खर्च द्यायला कासेचा नकार. आईवडील वर्षानुवर्षं कोर्टात लढले. ६ डिसेंबर २००५ ला, सेंट निकोलसच्या दिवशी, घटनात्मक न्यायालयानं सांगितलं की जिवावरचा आजार आहे, त्यावर मान्य उपचार नाही आणि दुसऱ्या उपचारानं फरक पडायची थोडी तरी रास्त आशा आहे, तर कासेला सरसकट नाही म्हणता येणार नाही. या निकालाला इथे निकोलस निकालच म्हणतात, आणि २०१२ पासून ते तत्त्व कायद्यात आहे. निकाल लागला तेव्हा तो मुलगा १८ वर्षांचा झाला होता. आमच्या प्रकरणाला हा निकाल लागत नाही, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं.

नणंद इंग्लंडमध्ये रेडिंगला असते. तिनं कळवलं की तिथे नाईस या, कोणते उपचार द्यावेत याची शिफारस करणाऱ्या संस्थेनं डिसेंबर २०२३ मध्येच टाईप १ च्या सगळ्या मुलांना असे पंप द्यावेत अशी शिफारस केली आहे, पाच वर्षांत टप्प्याटप्प्यानं, मुलं आधी. तिथे रांग आहे. इथे रांग नाही, पण प्रत्येकाला आपलं प्रकरण एकट्यानं मांडावं लागतं. मला विचाराल तर मी रांग निवडेन. रांगेत आईला जर्मन येतं का, हे कुणी विचारत नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही शहराच्या जुन्या भागात गेलो होतो. जर्मानिक राष्ट्रीय संग्रहालयाला लागून एक गल्ली आहे, मानवी हक्कांचा रस्ता. दानी कारावान या इस्रायली शिल्पकारानं १९९३ मध्ये केलेली रचना. पांढऱ्या काँक्रीटच्या उंच खांबांची रांग, मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची ३० कलमं कोरलेली, जर्मनमध्ये आणि प्रत्येक ठिकाणी आणखी एका वेगळ्या भाषेत. आम्ही आकडे मोजत २५ वं कलम शोधलं: आरोग्य, अन्न, वस्त्र, निवारा, वैद्यकीय सेवा. लेक नुकताच वाचायला शिकला होता. त्यानं एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, हे कुणासाठी लिहिलंय? वर लिहिलंय ना, प्रत्येकासाठी, मी म्हटलं. याच न्यूर्नबर्गमध्ये १९४६-४७ मध्ये नाझी डॉक्टरांवर खटला चालला, आणि माणसावर त्याच्या संमतीशिवाय प्रयोग करायचा नाही, हा नियम त्यातून लिहिला गेला. हॉस्पिटलात मी सही केलेले ते संमतीचे कागद मला त्या दिवसापासून वेगळे दिसतात.

जूनमध्ये उत्तर आलं. एकच पान. तुमची हरकत मान्य करण्यात येत आहे. हरकतींवर निर्णय देणाऱ्या कासेच्या समितीपर्यंत जायची वेळच आली नाही. पंप आला, आम्ही दोन दिवस शिकलो. पहिल्या रात्री अलार्म वाजला नाही म्हणून मी तीनदा उठून त्याचा श्वास पाहिला. चौथ्या रात्री सलग सहा तास झोपले. अकरा वीसची शाळेची फेरी बंद झाली. आता शिक्षिका त्यानं दाखवलेला आकडा बघतात आणि तो स्वतः बटण दाबतो.

त्या उन्हाळ्यात कोपनहेगनला मित्राकडे जायचं ठरलं होतं. कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपियन आरोग्यविमा कार्ड छापलेलं असतं, कुठल्याही सदस्य देशात गरजेचे उपचार तिथल्या लोकांसारखेच मिळतात, हे माहीत होतं. सहज नियम वाचले म्हणून समजलं: डेन्मार्कमध्ये हे कार्ड युरोपबाहेरच्या देशांच्या नागरिकांना चालत नाही. तिकिटं रद्द केली आणि स्लोव्हेनियाला गेलो. लेकाला डोंगर आवडले.

खरं सांगायचं ते पुढचं आहे. मधुमेही मुलांच्या पालकांचा आमचा गट महिन्यातून एकदा भेटतो. त्या शरद ऋतूत तिथे एक बाई यायला लागली, काळ्या समुद्राकाठच्या देशातून आलेली, आश्रयाचा अर्ज केलेली. नऊ वर्षांची मुलगी, तोच आजार. आश्रय मागणाऱ्यांना इथे सुरुवातीला आमच्यासारखा विमा नसतो. वेगळ्या कायद्यानुसार तीव्र आजार आणि वेदना यांवरचे उपचार मिळतात, बाकीचं अधिकाऱ्याच्या निर्णयावर. ही मुदत पूर्वी १८ महिने होती, ती फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे मला ते पत्र आलं त्याच आठवड्यात, ३६ महिने झाली. मुलीला इन्सुलिन मिळत होतं. सेन्सर नाकारला होता. आई रात्री दर दोन तासांनी उठून मुलीचं बोट टोचायची. मुलगी शाळेत आपल्या बोटांची टोकं लपवून लिहायची. मी तिची बोटं पाहिली, काळ्या ठिपक्यांनी भरलेली.

मी त्यांना घरी बोलावलं. पोळ्या केल्या, गोळे वजनकाट्यावर ठेवून. मुलगी आईला जर्मनमधून भाषांतर करून सांगायची. म्हणजे आपल्याला सेन्सर का मिळणार नाही ते पत्र त्या मुलीनंच आईला वाचून दाखवलं होतं. पत्र चार महिन्यांपूर्वीचं होतं. आईनं ते प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलं होतं. महिन्याची मुदत केव्हाच गेलेली. काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून मी पत्र पालथं केलं.

मागची बाजू कोरी होती. पुढच्या बाजूला सहीच्या वर हरकतीबद्दल काहीच नव्हतं. मी सामाजिक विभागातल्या बाईंना फोन लावला. त्यांनी मला सहीच्या वरच्या ओळी दोनदा वाचायला लावल्या. मग म्हणाल्या, "हरकतीबद्दल एक शब्दही नाही? नक्की?" नक्की, मी म्हटलं. "मग मुदत एक महिन्याची नाही. सूचना दिली नसेल तर एक वर्ष असतं. आणि त्याच कायद्यात मुलांच्या खास गरजांसाठी वेगळी तरतूद आहे, ती लिहा."

आठ महिने हातात होते. मी ताटं बाजूला केली, कोरा कागद घेतला आणि तीच तीन वाक्यं लिहायला लागले. नावाची स्पेलिंग मला येईना. मुलीनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि आपलं नाव स्वतः लिहिलं.